फोन उचलायचा नाही

समोरच्यानं फोन उचलला नाही म्हणून खूश होणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, तो म्हणजे आमचा देवस्थळी. पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हणालं की याचा चेहरा पडायचा.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी आणि माझा नवरा मोहन पीएच.डी. करत होतो. देवस्थळी मोहनच्या लॅबमधला. न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, या एका सत्यावर त्यानं सगळा संसार उभा केला होता. आमच्याकडे फोन करायचा आणि ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे ‘निघालो’, दोन म्हणजे ‘चहा टाका’, तीन म्हणजे ‘मी बरा आहे’. गावातले फोन इथे फुकटच असतात हे मोहननं त्याला कितीदा तरी सांगितलं.

“प्रश्न पैशाचा नाहीये यार. सिस्टिम म्हणजे सिस्टिम!”

एकदा माझ्याकडून चुकून फोन उचलला गेला. “वहिनी, उचललात? संपलं!” असं म्हणून त्यानंच फोन आपटला आणि आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

सिस्टिमचा खरा मान मात्र शनिवारच्या संध्याकाळचा. त्याच्या रूममेट्सनी लांबचे फोन बंद करून टाकले होते, म्हणून तो आमच्या फोनवरून मिरजेला लावायचा. तिथे रविवारची सकाळ झालेली असायची. वडील गेल्यापासून आई एकटी. घरात फोन नाही, म्हणून ती खालच्या मजल्यावर डॉक्टरांकडे येऊन बसायची. याच्या तीन रिंगा गेल्या की मुलगा बरा आहे. तिकडून कुणी उचलला नाही की आईही बरी आहे. उचलला, तर काहीतरी वाईट घडलंय. त्या वेळी डॉक्टरांना फोन करणाऱ्या पेशंटांचं काय होत असेल, देव जाणे!

देवस्थळी हात पुसून, उभं राहून नंबर फिरवायचा. तेवढा वेळ त्याला काही विचारायची सोय नव्हती. तीन रिंगा झाल्या की रिसीव्हर ठेवायचा आणि हुश्श करून म्हणायचा, “छान! आई मजेत.” मग दुप्पट जेवायचा.

अशाच एका शनिवारी सकाळपासून थंड, चिकट पाऊस लागला होता. रंगलेली पानं बघायला ड्राइव्ह करत जायचं ठरलं होतं, ते कॅन्सल केलं. पानं सगळी पार्किंग लॉटमध्ये चिकटून बसली होती. दुपारी फोन वाजला. एक, दोन, तीन, चार. आणि बंद.

“चार म्हणजे काय?” मोहन म्हणाला.

“चार नाहीच आहे.”

“बस चुकली असणार. नाहीतर पाय घसरून पडला असेल.”

“पडलेला माणूस रिंगा कशाला मोजेल?”

पण मोहन छत्री घेऊन बस स्टॉपकडे धावलाच. तो वळणाआड गेला आणि दुसऱ्या बाजूनं देवस्थळी आमच्या नागपूरकर मित्राच्या, प्रमोदच्या गाडीतून कोरडा ठणठणीत उतरला.

“मोहन कुठाय?”

“तुला शोधायला गेलाय. चार रिंगा कसल्या दिल्यास?”

“दोन माझ्या, दोन प्रमोदच्या. दोघांचा चहा! साधी बेरीज आहे, वहिनी.”

मोहन निथळत परत आला, तेव्हा हा त्याच्याच खुर्चीत बसून पत्ते पिसत होता. मोहननं त्या दिवशी सिस्टिमला ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

संध्याकाळी मी खिचडी लावली आणि देवस्थळीनं मिरजेला फोन. दुसऱ्याच रिंगेला तिकडून कुणीतरी उचलला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या हातातले पत्ते हातातच राहिले.

“आई? काय झालं? ... नाही, खरं सांग. ... डॉक्टरांना दे बरं. ... हो, पाऊस आहे. ... घातलाय स्वेटर. ... खिचडी. वहिनी करतायत. ... हो. ... हो.”

त्यानं रिसीव्हर ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काही नाही.”

“म्हणजे?”

“काही झालेलं नाहीये. आवाज ऐकावासा वाटला म्हणाली.” त्यानं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “पण मग उचलला कशाला? असं कसं चालेल? मी रागवायला हवं होतं का, यार?”

मला एकदम रडूच आलं. दोन वर्षं त्या माउलीनं आपल्या मुलाची फक्त घंटा ऐकली होती. देवस्थळी त्या रात्री घासभर जेवला आणि ‘निघालो’ न म्हणताच निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला तेव्हाही पाऊस होताच. नेहमीसारखे हात पुसले, नंबर फिरवला, फोन तोडायला खटक्यावर बोट तयार ठेवलं. तिकडची घंटा आम्हालाही बारीक ऐकू येत होती. तीन झाल्या. बोट होतं तिथेच राहिलं. चौथी झाली, पाचवी झाली. मागच्या वेळी मुलगा घाबरला हे आईला कळलं असणार, ती आता शहाण्यासारखी सिस्टिम पाळत होती.

देवस्थळीनं आमच्याकडे पाठ केली आणि रिसीव्हरमध्ये अगदी हळू म्हणाला, “उचल ना गं.”