जवळची खूण

दिंद्रुडच्या पलीकडचं सहाशे बारा घरांचं रुईतळ हे गाव शासकीयदृष्ट्या अस्तित्वात नाही, ही बाब सुपत्ता अभियानामुळे प्रथमच उघडकीस आली. तोपर्यंत गाव अस्तित्वात आहे असा गावकऱ्यांचा समज होता. मी त्या अभियानाच्या तालुका कक्षात कंत्राटी संगणक चालक आहे. खाली जे लिहितो आहे ते कर्तव्याचा भाग म्हणून लिहितो आहे, माफीनामा म्हणून नव्हे.

अभियान साधं होतं. तालुक्यातला प्रत्येक पत्ता शोधसूचीत भरायचा. एकदा तो सूचीत गेला की कुणीही नाव टाइप करावं, नकाशावर बिंदू उमटावा आणि त्या बिंदूवर टपाल, गॅस आणि अभियानाची नवी रुग्णवाहिका हजर व्हावी. पत्ते भरायला वरून एक साधन आलं होतं. त्याला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिच्यापुढं एक ओळ लिहायची, यादीचं नाव द्यायचं आणि एंटर मारायचं. मग साधन एकेक पत्ता उचलतं, त्याचे तुकडे करतं, पारखतं आणि पटला तरच सूचीत घेतं. आमचे कक्षप्रमुख मोहनराव त्याला हात जोडायचे, पण हात लावायचे नाहीत.

रुईतळची यादी मी भरली. पडद्यावर उत्तर आलं: ६१२ पैकी ० दाखल.

कारण शोधायला दोन दिवस गेले. साधनाचा नियम असा, की पत्त्यात जी 'जवळची खूण' दिली असेल ती आधीच सूचीत असली पाहिजे. आता आपल्याकडे पत्ता सांगताना कुणी स्वतःपासून सुरुवात करत नाही. आश्रुबाचं घर धुळाजीच्या मागं, धुळाजीचं बंकटच्या गिरणीला लागून, गिरणी नीलम्माच्या किराणा दुकानाच्या डाव्या हाताला. अख्खं गाव असं एकमेकांचा हात धरून दुकानापर्यंत येत होतं. दुकान कुठं, तर वीरभद्रअप्पांच्या घरासमोर. आणि अप्पांचं घर कुठं, तर नीलम्माच्या दुकानासमोर. साधनानं अप्पांसाठी दुकान शोधलं, दुकानासाठी अप्पांना शोधलं, आणि शेवटी दोघांनाही बाद करून त्यांच्यामागची सहाशे दहा घरंही बाद केली.

मग नीलम्मा स्वतः कक्षात आल्या. त्यांची सून शिवानी हिला आठवा महिना होता आणि रक्तदाब वाढलेला. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की कळा सुरू झाल्या की नर्स आणि ऑक्सिजन असलेल्या गाडीतूनच आणा, मिळेल त्या गाडीत घालू नका. तशी गाडी फक्त अभियानाची होती, आणि सूचीत नसलेल्या घरी ती जात नव्हती.

"आवं सायेब, माझं दुकान दिंद्रुडच्या बाजारात कुनालाबी इचारा," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशिनीलाच कावून सापडत न्हाई?"

"मावशी, लोकांना ठाऊक असणं हा पुरावा होत नाही."

"मंग पुरावा काय हाय?"

"सूचीत असणं."

"आन सूचीत जायाला काय लागतंय?"

"पुरावा."

त्या उठल्या. मग म्हणाल्या, "पोटातलं लेकरू तुमच्या पुराव्याची वाट बगत थांबनार न्हाई, बाबा."

हे मला लागलं, हे कबूल करतो. मोहनरावांनाही लागलं असावं, कारण ते आतूनच म्हणाले, "काहीतरी करून टाका." सरकारी कामकाजातली ही सर्वांत जुनी आज्ञा, आणि हिच्यानंतर काय झालं याची जबाबदारी नेहमी करणाऱ्यावर असते.

साधनाच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर उपाय होता. ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा मारून 'फोर्स' असं लिहायचं. मग ते पारखत नाही, कुरकुरत नाही, सगळं मुकाट्यानं आत घेतं. ज्या पत्त्यांची खूण सापडत नाही त्यांना ते गावाच्या शिवाराच्या बरोबर मध्यावर ठेवून देतं. मी फोर्स लिहिलं. ६१२ पैकी ६१२ दाखल. मोहनरावांनी पेढे मागवले.

रुईतळचं शिवार चारी बाजूंनी तळ्याभोवती पसरलेलं आहे. त्यामुळे त्याचा बरोबर मध्य तळ्यात येतो. आता अख्खं गाव बारा फूट पाण्यात, एकाच बिंदूवर, एकमेकांच्या अंगावर राहायला गेलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी मोबाइलवर संदेश गेला: 'आपला पत्ता सूचीत दाखल झाला आहे. खात्री करण्यासाठी नकाशा पाहा अथवा पुढे जाण्यासाठी पुढे दाबा.' नकाशा उघडायला वेळ लागत होता. सहाशे बाराच्या सहाशे बारा घरांनी 'पुढे' दाबलं.

पंधरा दिवसांनी शेजारच्या तलाव संरक्षण कक्षानं सूची तपासली. तलावाच्या बुडीत क्षेत्रात सहाशे बारा कुटुंबं अनधिकृतपणे राहत असल्याचं पाहून तो हादरला. सर्वांना नोटिसा गेल्या. वीरभद्रअप्पा नोटीस घेऊन कक्षात आले. गेली चाळीस वर्षं गावात भांडण झालं की तोडगा काढायला त्यांनाच बोलावतात.

"काय बे, आमी तळ्यात कावून ऱ्हावं? आमी काय मासे हाय का?"

"अप्पा, तुमचं म्हणणं योग्य आहे," मोहनराव म्हणाले. "मग तळं सोडतो असं हमीपत्र लिहून द्या. राहतच नाही म्हटल्यावर सोडायला त्रास तो काय?"

अप्पांनी हमीपत्र दिलं. गावानंही दिलं. तलाव संरक्षण कक्षाच्या अहवालात 'सहाशे बारा कुटुंबांचं शांततेत स्थलांतर' अशी नोंद झाली आणि त्यांच्या साहेबांचा सत्कार झाला. हमीपत्रात 'नवीन पत्ता' असा रकाना होता. त्यात नीलम्मांनी लिहिलं, वीरभद्रअप्पांच्या घरासमोर. अप्पांनी लिहिलं, नीलम्माच्या दुकानासमोर. ती यादी माझ्याकडे आली. मी काय करणार? शेवटी दोन आडव्या रेघा मारल्या आणि गाव पुन्हा तळ्यात सोडलं.

दुसरी नोटीस निघायच्या आधीच शिवानीला कळा सुरू झाल्या. भर दुपार होती. नीलम्मांनी फोन लावला, सूचीत नाव निघालं, गाडी निघाली आणि तेरा मिनिटांत पोहोचली. पुढचं मला अप्पांनी सांगितलं. सायरन गावात सगळ्यांना ऐकू येत होता, पण गाडी काही येत नव्हती. अप्पा आवाजाच्या रोखानं पळत सुटले, तर ती तळ्याच्या बांधावर उभी.

"आरं, पेशंट तिकडं हाय! ते बग, ते पत्र्याचं घर! चल!"

"काका, मला दिसतंय," चालक म्हणाला. "पन बिंदू हितं पान्यात हाय. गाडी बिंदू सोडून गेली की वरच्या हापिसात लाल दिवा लागतो. लोकायला रस्ता इचारायचीबी मनाई हाय आमाला, आन पेशंट बिंदूवरूनच घ्यायचा."

"मंग पेशंटला काय पवत आनू का बे?"

चालक वाईट माणूस नव्हता. खाली उतरून तो रडवेला झाला, असं अप्पाच म्हणाले. नियमाप्रमाणे त्यानं वीस मिनिटं वाट पाहिली आणि 'रुग्ण दिलेल्या पत्त्यावर अनुपस्थित' अशी नोंद करून परत गेला.

शिवानी अप्पांच्या मालवाहू टेम्पोत, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांवर, अंबाजोगाईच्या रस्त्यात बाळंत झाली. नर्स नव्हती, ऑक्सिजन नव्हता, नीलम्मांचे दोन हात होते. मुलगी झाली. मुलगी चांगली आहे. शिवानी अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती आणि अजूनही भिंतीला धरून चालते. मला त्या अकरा दिवसांत झोप लागली नाही. हे कर्तव्यात बसत नाही, तरी लिहितो.

बाराव्या दिवशी नीलम्मा कक्षात आल्या. हातात एक कागद होता: रुग्णवाहिका बोलावून पत्त्यावर हजर न राहिल्याबद्दल खुलासा सादर करावा. त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, आमी तळ्यात हाव हे तुमाला कुनी सांगितलं?"

मोहनरावांनी सूची उघडून दाखवली. "तुम्हीच, नीलम्माबाई. ही बघा तुमच्या मोबाइलवरून आलेली मान्यता. 'पुढे' दाबलंय."

"ते शिवानीनं दाबलतं," त्या हळूच म्हणाल्या. "लाइट गेलती, नकाशा उघडंना. मीच म्हनले, दाब, पोरी, सरकारी काम हाय, बरोबरच आसंल."

मी त्यांच्या खुलाशाचा मसुदा लिहून दिला. तेवढंच माझ्या हातात होतं. पत्त्याच्या रकान्यात त्या नेहमी जे लिहितात तेच त्यांनी लिहिलं.

वार्षिक आढाव्यात आमचा तालुका पहिला आला. शंभर टक्के पत्ते दाखल, रुग्णवाहिकेचा सरासरी वेळ तेरा मिनिटं, आणि नागरिकांच्या तक्रारी शून्य, कारण तक्रार नोंदवायला तक्रारदार दिलेल्या पत्त्यावर सापडावा लागतो. ती ओळ, शेवटच्या दोन रेघांसकट, आता आदर्श पद्धत म्हणून सगळीकडं पाठवली आहे. गेल्या महिन्यात शहरांच्या याद्याही त्याच ओळीनं भरून झाल्या.

वाचकहो, रुईतळच्या लोकांना हसून झालं असेल तर जरा मोबाइल काढा. पत्त्याबद्दलचा तो संदेश तुम्हालाही आला होता, आणि तुमची मान्यता आमच्याकडे आहे. नकाशा उघडायला वेळ लागत होता, नाही का? तुमचं घरसुद्धा पाण्यात आहे. तुमच्याकडं अजून कुणाला कळा आलेल्या नाहीत, एवढंच.