चषकाची पाळी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आप्पासोंचं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली धैर्यशीलच्या.

मिरजेच्या दवाखान्यात पट्टी निघाली तेव्हा आप्पासोंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे आणि मग बाकावर कुणीतरी टाकून गेलेल्या वर्तमानपत्राकडे. "धैर्यशील, बारीक अक्षरसुदिक लागतंय रं!" ते हरखून म्हणाले. गावातर्फे सोबत आलेल्या धैर्यशीलनं ते वर्तमानपत्र उचललं, त्याची नीट घडी घातली आणि तो त्यावर बसला. आप्पासोंना छापलेलं वाचता येणं ही पलूसजवळच्या बोरजाईवाडीच्या दृष्टीनं काही आनंदाची बातमी नव्हती.

आप्पासो म्हणजे कुस्तीच्या मैदानाचे निवेदक. हातात माईक आला की हा माणूस आखाड्यातल्या मातीलासुद्धा बोलायला लावायचा. जत्रेला शेजारची गावं मोठमोठे पैलवान आणत, पण लोक यायचे बोरजाईवाडीला, आप्पासोंच्या आवाजासाठी. त्यांचा बाणा एकच. "माज्या तोंडातनं चुकीचा निकाल गेला, त्या दिवशी माईक खाली ठिवणार!" दुसरा कुणी असं बोलला असता तर गावानं मनावर घेतलं नसतं. पण आप्पासो एकदा बोलण्याच्या भरात चहा सोडतो म्हणाले होते आणि तो त्यांनी अजून सोडलेलाच होता.

तर कतारला फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली त्या साली, कोल्हापूरला शिकायला राहून हे वेड घेऊन आलेल्या धैर्यशीलनं तालमीपुढं मोठा पडदा लावला. पडद्यामागचा माणूस इंग्रजीत बोलत होता, ते कुणाला उमजेना. मग त्याचा आवाज बंद करून माईक आप्पासोंकडे देण्यात आला. आप्पासोंना तेव्हा छापलेलं दिसत नसे, पण पडद्यावरची माणसं दिसत. त्यांनी घटकाभर खेळ न्याहाळला, दोन प्रश्न विचारले आणि सुरुवात केली. "मोरोक्कोनं एकेरी पट काढलेला हाय! क्रोएशिया खालनं सुटायला बघतोय! आरं, हलगी कुटं हाय?" हलगी आली. सामना गोलाविना संपला.

"निकाल काय म्हनायचा?" आप्पासोंनी विचारलं.

"बरोबरी, आप्पा. दोघास्नी एकेक गुण."

"झ्याक! इज्जतीचा खेळ हाय गड्या," आप्पासो म्हणाले आणि त्या दिवसापासून फुटबॉलचे झाले.

शेवटच्या सामन्याला अर्जेंटिना आणि फ्रान्स. वाढीव वेळ संपली तरी तीन-तीन. पंचांनी शिट्टी मारली आणि आप्पासोंनी जन्मभर जे केलं तेच केलं. "दोनी वाघ! कुणाचीच पाठ लागंना! कुस्ती बरोबरीत सोडवलेली हाय! पावण्यांनी जेवल्याबिगर जाऊ ने!" आता निवेदकाचा शब्द पडला की हलगी थांबते, माणसं उठतात आणि जनरेटर बंद होतो, ही मैदानाची रीत. जनरेटरपाशी धैर्यशील उभा होता. त्याचा हात डोक्याला न विचारताच बटणावर गेला. पडदा काळा झाला आणि सगळं गाव पंगतीला बसलं.

तांबडा रस्सा वाढून होतो न होतो तोच एकानं मोबाइल पाहिला. त्यानं तो शेजाऱ्याला दाखवला, शेजाऱ्यानं पुढच्याला. पेनल्ट्या झाल्या होत्या. अर्जेंटिना जिंकलं होतं. पंगत एकदम चिडीचूप झाली.

"काय झालं रं?" पंगतीच्या टोकाहून आप्पासोंनी विचारलं.

"मीठ जास्त झालंय," धैर्यशीलचा चुलता केरबा म्हणाला.

ही पहिली थाप. चवीपुरतीच मारलेली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासो पारावर विचारात बुडून बसलेले दिसले. हा माणूस मूळचाच चौकस. "चषक एक आन् धनी दोन. मग न्हेला कुणी?"

धैर्यशील चपलेचा अंगठा नीट करू लागला. केरबा मात्र भावाबरोबर एका विहिरीवर भागवणारा माणूस. तो सहज बोलून गेला, "पाळी लावली आसंल की आप्पा. सहा म्हैनं ह्यानं ठिवायचा, सहा म्हैनं त्यानं."

"पयली पाळी कुणाची?"

"धाकट्याची. वाटणीत धाकटाच आदी उचलतोय न्हवं?"

"मग दोगांत धाकटा कोन?"

"अर्जेंटिना," धैर्यशील डोळे मिटून म्हणाला.

आप्पासोंचं समाधान झालं. गावाला वाटलं, मिटलं. पण ज्येष्ठ उजाडला आणि आप्पासोंनी विचारलं, "चषक हलला का रं?" हलला, म्हणून सांगावं लागलं. मग तो विमानानं नेतात का, विमानात त्याला शीट धरतात का, ताब्यात देताना चार माणसांसमोर देतात का, असे प्रश्न आले. पुढच्या मार्गशीर्षात तर आप्पासोंनी मारुतीपुढं नारळ फोडला, चषक वाटेत सुखरूप राहावा म्हणून. दर सहा महिन्यांनी नारळ फुटू लागला. खोबरं खाता खाता पोरं गट करून बसू लागली. वरच्या आळीची फ्रान्सकडची, खालच्या आळीची अर्जेंटिनाकडची. आपली पाळी आली की त्या त्या आळीत गुलाल उडे. हे आपणच रचलेलं आहे हे काहींच्या लक्षात होतं, काहींच्या राहिलं नव्हतं. खेळाचं पान मात्र आप्पासोंसमोर कुणी वाचत नसे.

आता नवी स्पर्धा तोंडावर आलेली आणि आप्पासोंचा डोळा उघडलेला.

त्यात दवाखान्यातल्या त्याच बाकावर, डोळ्याला हिरवं फडकं बांधलेले एक गृहस्थ येऊन बसले. आप्पासोंनी गाव विचारलं.

"मी इथलाच, मिरजेचा. सिकंदर मुजावर. रेल्वेत होतो. फुटबॉलचा पंच म्हणून लई मैदानं केली."

"फुटबॉल!" आप्पासो सरसावून बसले. "मग कतारचा शेवटचा सामना बगितला आसंल?"

"बघितला म्हणजे काय! असा सामना परत..."

"आप्पा, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली," धैर्यशील मध्ये पडला.

"आत्ता तर घातलं की."

"दुसऱ्या डोळ्यात."

"त्याचं ऑपरेशन कुटं झालंय? गप बस जरा. हां, तर मुजावर, आमच्या जत्रंच्या मैदानाला प्रमुख पावनं म्हनून तुमीच यायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

मुजावर नाही म्हणाले नाहीत. दोनच दिवसांत धैर्यशील त्यांच्या दारात हजर. त्यानं सगळी कथा सांगितली, हात जोडले. मुजावरांनी चहा पाजला, शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "हे बघा, मी आपणहून विषय काढणार नाही. पण मी पंच आहे. कुणी तोंडावर निकाल विचारला, तर खोटं सांगणार नाही. आयुष्यभर शिव्या खाल्ल्यात त्यासाठी."

गावात खल झाला. केरबानं तोडगा काढला. "पावण्याला फेटा बांदायचा, नारळ द्यायचा, पर माईक द्यायचा न्हाई. आन् बोलायला लागलाच, तर हलगी."

जत्रेचा दिवस उजाडला. मैदान माणसांनी फुललं. मुजावर तालमीच्या पोरांसाठी एक नवाकोरा फुटबॉल भेट घेऊन आले. फेटा झाला, नारळ झाला. धैर्यशील निःश्वास टाकणार, इतक्यात आप्पासो माईकवरून बोलू लागले.

"पैलवान कपडे काडत्यात तंवर सांगतो. मंडळी, कुस्त्या लय बगितल्या. पर कतारची ती कुस्ती माज्या डोळ्यापुडनं हलत न्हाई. ती निळी-पांढरी पोरं आदी दोननं वर. वाटलं, लागली पाठ फ्रान्सची. आन् फ्रान्सच्या एका गड्यानं चुटकीसरशी दोनी फेडली! परत हे वर, परत ते बरोबर. घरात गेलं तरी मला झोप न्हाई. आरं, कुटलं कोन, आपल्या भावकीतलं न्हाईत, नावं घेता येत न्हाईत, आन् त्यांच्यासाटी आपला जीव का वर-खाली हुतोय? ह्ये कोडं काय मला अजून सुटल्यालं न्हाई." धैर्यशील हळूच हलगीवाल्यांकडे सरकला. "ती कुस्ती ह्याच तोंडानं बरोबरीत सोडवली. आज खरं पंच आल्यात. मुजावर, सांगा मंडळीस्नी, त्यो सामना कसा सुटला?"

आणि त्यांनी माईक पुढं केला.

धैर्यशीलनं खूण केली. हलगी कडाडली. आप्पासोंनी नुसता हात वर केला, हलगी थांबली. धैर्यशीलनं पायानं वायर उपसली. माईक मेला. "बोला मुजावर," आप्पासो उघड्या आवाजात म्हणाले. तो पार उसाच्या फडापर्यंत गेला.

मुजावर उठले. त्यांनी फेटा सावरला आणि ते खाकरले.

"सामना बरोबरीत सुटला."

सगळ्या मैदानानं एकदम श्वास सोडला. धैर्यशील कृतज्ञतेनं त्यांच्याकडे पाहत राहिला. पंच असून हा माणूस एका म्हाताऱ्यासाठी खोटं बोलला होता.

"खोटं नाही सांगत," मुजावर पुढं म्हणाले. "फुटबॉलचा नियमच आहे. वाढीव वेळेत बरोबरी, तर सामना बरोबरीचाच धरतात. चषक कुणी न्यायचा, तेवढं ठरवायला मग पेनल्ट्या मारतात. त्या अर्जेंटिनानं जिंकल्या."

"म्हंजे माजा निकाल?"

"शंभर टक्के बरोबर."

पागोटी उडाली. शिट्ट्या झाल्या. एवढी वर्षं ज्या निकालावर गाव पांघरूण घालत आलं, तो उघड्यावरसुद्धा ठणठणीत होता. धैर्यशीलनं वायर परत जोडली आणि केरबाला मिठी मारली. माईक वाचला होता. पण आप्पासो अजून बसले नव्हते. त्यांच्या कपाळावर एक आठी हळूहळू जमू लागली होती.

"आन् चषक कुणी न्हेला म्हनालासा?"

"अर्जेंटिनानं. त्याच दिवशी."

"किती म्हैन्यासाटी?"

"महिन्यासाठी?" मुजावर गोंधळले. "पुढच्या स्पर्धेपर्यंत त्यांचाच की. चषक काय कुणी वाटून घेतो होय?"

आप्पासो वळले. "केरबा, मार्गशीर्षात हलला म्हनालास."

केरबा आभाळाकडे बघत होता. "हलला म्हनालो आप्पा. कुटनं कुटं, ते न्हाई म्हनालो."

वरच्या आळीच्या बाजूनं एक संतापलेला आवाज आला, "म्हंजे फ्रान्सकडं कवाच आला न्हाई? आन् आमी गुलाल उधळला त्यो?" खालच्या आळीत कुणी हसलं. दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली.

"खाली बसा!" आप्पासो गरजले. बसली. मग त्यांनी धैर्यशीलला जवळ बोलावलं. रागावलेत की वाईट वाटलंय, ते त्या नव्या डोळ्यात काही दिसेना. "माजा माईक जाईल म्हनून क्येलंत?"

"व्हय आप्पा."

"सगळ्या गावानं?"

"सगळ्या गावानं."

आप्पासोंनी माईक या हातातून त्या हातात घेतला. मग त्यांची मूळ खोड वर आली. "मुजावर, ही पेनल्टी म्हंजे काय आसतंय हो? तेवडीच बगायची ऱ्हायली माजी."

मुजावरांनी समजावून सांगितलं. ऐकता ऐकता आप्पासोंचा चेहरा उजळत गेला. त्यांनी दोन हलगीवाल्यांना आखाड्यात खांबासारखं उभं केलं. मध्ये धैर्यशीलला उभं केलं. पैलवान लंगोट कसून बघत राहिले. आप्पासोंनी माईक मुजावरांच्या हातात दिला, चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि तांबड्या मातीत तो नवाकोरा चेंडू ठेवला.

त्यांनी लाथ मारली. चेंडू निघाला, जाऊ की नको असा विचार करत. शेळीचं करडूसुद्धा त्याला तोंडानं अडवू शकलं असतं. धैर्यशीलनं चेंडूकडे पाहिलं, आप्पासोंकडे पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं पलीकडच्या बाजूला उडी घेतली. चेंडू हलगीवाल्यांच्या मधून कसाबसा पार गेला.

मैदान उसळलं. गुलाल उडाला. धैर्यशील तोंडात माती घेऊन पडून राहिला आणि टाळ्या वाजवू लागला.

आप्पासो हसले नाहीत. त्यांनी मुजावरांकडून माईक घेतला.

"मंडळी, शांत ऱ्हावा. परत मारतोय," ते म्हणाले. "धैर्यशील, ऊठ. आन् ह्या खेपंला खरं अडीव."