दहाव्या सेकंदाचा प्रस्ताव

आमच्या लिफ्टचं दार दहा सेकंद उघडं राहतं, असं लिफ्टमधल्या पाटीवर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते नऊ सेकंद उघडं राहतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या आईला वॉकर घेऊन आत शिरायला साडेनऊ सेकंद लागतात. या अर्ध्या सेकंदापायी दाराने वॉकरला दोनदा धडक दिली. दुसऱ्या वेळी आई पडता पडता वाचली आणि तिने खाली जाणंच सोडलं. पाचव्या मजल्याच्या खिडकीतून ती खालच्या बाकावरच्या मैत्रिणींना हात करायची, त्याही हात करायच्या. पण पाच मजल्यांवरून सुनांविषयी बोलता येत नाही.

मी लिफ्टवाल्याला बोलावलं. त्याने पॅनेल उघडून आकडा दाखवला. दहा. अकरा टाकून बघा म्हटलं, तर म्हणाला की सुरक्षा नियमांत दहाच्या वर जागाच नाही, मशीन आकडा घेतच नाही. "मी दहा सांगतो, साहेब, ती नऊच थांबते. वर कुणाला तरी विचारा." मी वर विचारत गेलो. लिफ्ट कंपनीने मला पॅनेलवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंकडे. बाई म्हणाल्या, त्या स्वतः काही मोजत नाहीत. प्रोग्रामिंगच्या भाषेबरोबर तयार अवजारांची जी पेटी मिळते, जिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात, तिच्यातलं 'थांब' नावाचं फंक्शन त्या वापरतात. चूक असलीच तर त्या पेटीची देखभाल करणाऱ्यांची. "मी पत्ता देते, त्यांना चांगलं फैलावर घ्या."

त्यांनी दिलेला पत्ता माझाच होता.

गेली चौदा वर्षं, वॉशिंग मशीनशेजारच्या टेबलावर बसून, बिनपगारी, या लायब्ररीची देखभाल करणाऱ्या सात जणांपैकी मी एक आहे. लिफ्ट, सिग्नल, ओव्हन, तिकिटांची यंत्रं, सगळ्यांच्या पोटात ही लायब्ररी असते. 'थांब' तर मी स्वतःच लिहिलं होतं. उघडून पाहिलं. लपाछपीत राज्य आलेलं पोर डोळे मिटताक्षणी 'एक' म्हणतं आणि 'दहा' म्हणताच शोधायला पळतं, तसं मी मोजलं होतं. आकडे दहा, मधली अंतरं नऊ. जगातल्या प्रत्येक थांबण्यातून चौदा वर्षं मी एकेक सेकंद खात होतो. मला लाज वाटली आणि, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. इतक्या मोठ्या प्रमाणावर काही करायला कुणाला मिळतं?

"मग कर की दुरुस्त," आई म्हणाली. "पाच मिनिटांचं काम दिसतंय."

एकाच मिनिटाचं होतं. मोजणी एकऐवजी शून्यापासून सुरू करायची. सकाळी साडेनऊला मी बदल पाठवला. नऊ चौतीसला पहिला आक्षेप आला की, चूक आहे हे मान्य, पण ती आता रुळलेली आहे.

आमच्याकडे रीत अशी, की कुठलाही बदल करण्याआधी जगात सापडतील तेवढे प्रोग्राम नव्या लायब्ररीवर चालवून पाहायचे. चार दिवस यंत्रं धापा टाकत होती. एक्केचाळीस हजार प्रोग्राम कोलमडले. कारण तपासलं तेव्हा कळलं, की 'थांब' एक सेकंद कमी थांबतं हे सगळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कुणी तक्रार केली नव्हती. ज्याला दहा हवे तो गुपचूप अकरा मागत होता. आम्ही लिहिलेल्या माहितीपुस्तिकेवर विश्वास ठेवून दहाला दहा म्हणणारी लिफ्ट कंपनी अख्ख्या जगात एकटीच निघाली. तिच्याविषयी आम्हा सात जणांच्या समितीत बरीच हळहळ व्यक्त झाली.

शिवाय एका बिस्किट कारखान्याचं पत्र आलं. त्यांची बिस्किटं भट्टीतून एक सेकंद लवकर बाहेर पडतात, त्यामुळे त्यांना जो फिकट सोनेरी रंग येतो त्यावर कंपनीची सगळी जाहिरात उभी आहे. ज्यांच्या चुकीमुळे हा रंग सापडला त्यांचे आभार मानून, ती चूक सुधारल्यास कोर्टात भेटू, असं त्यांनी कळवलं होतं. सोबत बिस्किटं होती. चांगली होती.

अध्यक्षबाईंनी निर्णय दिला. आपण जे एकदा दिलं ते बदलायचं नाही, हे आपलं वचन आहे. तेव्हा 'थांब' आहे तसं चुकीचं राहील आणि त्याच्या शेजारी एक बरोबर फंक्शन ठेवलं जाईल. मला हे पटलं, कारण नव्या फंक्शनला नाव देण्यापुरताच प्रश्न उरला होता. त्याला पाच महिने लागले. 'नीट थांब' हे उद्धट वाटलं. 'खरंच थांब' म्हटल्यास आधीचं खोटं होतं अशी कबुली दिल्यासारखं होत होतं. एका सदस्याने 'दहा म्हणजे दहा' सुचवलं, मग सातला काय म्हणायचं यावर तीन आठवडे गेले. शेवटी 'पूर्ण थांब' एका मताने निवडून आलं आणि हरलेल्या गटाने लायब्ररी सोडून स्वतःची नवी भाषा काढली.

नवं फंक्शन आमच्या रीतीप्रमाणे 'प्रायोगिक' म्हणून प्रसिद्ध झालं. ते वापरायचं तर प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत 'मी हे स्वतःच्या जबाबदारीवर वापरत आहे' असं लिहावं लागतं. आणि ज्या प्रोग्राममध्ये हे वाक्य आहे तो लिफ्टमध्ये बसवायला सुरक्षा नियमांची सक्त मनाई आहे. फंक्शनवरचा प्रायोगिक शिक्का कधी निघेल, असं मी विचारलं. पुरेशा लिफ्टांमध्ये वापरून झालं की, असं उत्तर मिळालं.

"म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही," आई म्हणाली. "मला बोलू दे त्यांच्याशी."

समितीची बैठक स्क्रीनवर भरते. सामान्य वापरकर्त्याला बोलण्यासाठी एक मिनिट मिळतं. आईने चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि शांतपणे सगळं सांगितलं. दार, वॉकर, खिडकी, बाक. अकरा महिने मी एकाही माणसाशी समोरासमोर भांडलेले नाही, म्हणाली. एका सदस्याने डोळे पुसले. "तेव्हा बाई, तुमचं वचन तुम्ही पाळा," आई म्हणाली, "मला फक्त एवढंच हवंय की—"

आवाज तुटला. वक्त्याची वेळ मोजणारं घड्याळ 'थांब'वर चालत होतं आणि एकोणसाठ सेकंद झाले होते. इतिवृत्तात नोंद झाली, 'मागणी अस्पष्ट.'

तरीही आईच्या बोलण्याचा परिणाम झाला. मूळ 'थांब' दुरुस्त करावं का, यावर जनमत घ्यायचं ठरलं. मुदत तीस दिवस. नियम एकच. जे बोलणार नाहीत त्यांचं भागतंय असं समजून त्यांचं मत दुरुस्तीच्या विरोधात धरलं जाईल. तिसाव्या दिवशी दुरुस्तीच्या बाजूने तीन मतं पडली, आईचं, माझं आणि लिफ्टवाल्याचं. विरोधात उरलेलं जग.

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये खडूने लिफ्टची चौकट आखली आणि आईला पळवायला लागलो. मी आकडे मोजायचो, ती वॉकर पुढे टाकायची. सव्वानऊ. नऊ आणि थोडं. शेजारच्या काकू टाळ्या वाजवायच्या. सातव्या आठवड्यात आई नऊच्या आत खऱ्या लिफ्टमध्ये शिरली, आम्ही दोघं खाली पोचलो, आणि बाकावर जी काही किंचाळी उठली ती मी जन्मात विसरणार नाही. आई घामेजली होती, गुडघा सुजला होता, चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मीही हसत होतो. मग तिला बाकावर सोडून जिना चढताना माझ्या लक्षात आलं, की दाराला एक सेकंद थांबवणं जमलं नाही म्हणून मी आईला पळवलं होतं.

समितीने अभिनंदनाचा ठराव केला. 'वापरकर्ता यंत्रणेशी सुसंगत झाल्याने तक्रार निकाली,' असं माझ्याच सहीने नोंदवलं गेलं. मी मात्र चिकाटी सोडलेली नाही. जनमत पुन्हा घ्यावं असा अर्ज मी केला आणि तो मंजूरही झाला. या वेळी मुदत तीस दिवसांची नाही. हा मजकूर वाचून होईपर्यंत आहे.

तुम्ही इथवर आलात आणि अजून काही बोलला नाहीत. तुमचं मत नोंदवून घेतलं आहे.