हमरापूरचा संगणक

म्हात्रेसाहेब माझ्या माहितीत एकदाच खोटं बोलले. ते खोटं माझ्यासाठी होतं, माझ्यादेखत होतं, आणि मी गप्प बसलो होतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. पण ती सांगायची तर आधी साहेबांची खोड सांगायला हवी. नाहीतर एका शब्दाचं खोटं ते काय, असं वाटायचं.

खोड अशी, की जगातली कुठलीच कल्पना स्वतःच्या नावावर घ्यायची नाही. सभेत खिडकी उघडली आणि जरा वारा आला, की साहेब भाषण थांबवून सांगत, "ही खिडकी उघडायची कल्पना सावंतबाईंची." चहाला आल्याचा वास आला की शिपायाला हाक.

"पांडू, आलं घालायचं डोकं कुणाचं?"

"माजंच, साहेब."

"मग सांगावं माणसानं! नाव ज्याचं त्याला."

एकदा त्यांची चप्पल तुटली. ती सुतळीनं बांधून ते दिवसभर फिरले आणि भेटेल त्याला सुतळी सुचवणाऱ्या कंडक्टरचं नाव सांगत राहिले. त्या कंडक्टरचं इतकं कौतुक त्याच्या लग्नातही झालं नसेल.

दामोदर म्हात्रे आमच्या रोहा तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी. मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. बोलणं एरवी सरकारी, पण आनंद झाला की खाडीची बोली तोंडात येई. बायको लवकर गेली. एकुलता एक मुलगा, बापू, दुबईला. मी कुंडलिका नदीकाठच्या एका शाळेवर मास्तर.

नव्वदीच्या मध्यावर जिल्ह्याहून निरोप आला, की ज्या तालुक्याची तयारी चांगली दिसेल त्याच्या शाळांना पहिले संगणक मिळतील. आमच्या निम्म्या शाळांत तेव्हा साधा बल्ब नव्हता. साहेबांनी मात्र ते मनावर घेतलं. गावोगाव फिरून वीज कुठवर आलीय, कौलं कुठं गळतात, कुलूप लागेल अशी खोली कुठं आहे, सगळं पाहिलं. आणि सभेत म्हणाले, "वायर महिन्यात ओढता येईल. मास्तरांची भीती काढायला वर्ष लागेल. आधी माणूस, मग मशीन."

भीती खरी होती. एक ज्येष्ठ गुरुजी उठून म्हणाले, "साहेब, तो डबा वर्गात असला, की आपण डुलकी काढली ती जिल्ह्याला कळते म्हणतात. खरं का?"

"न पाहिलेल्या वस्तूची भीती घालवायची कशी?" साहेबांनी सगळ्यांना विचारलं.

मी मागच्या बाकावरून म्हणालो, "हमरापूरला ऑर्डर द्या, साहेब. गणपती करतात, संगणक पण करून देतील. वर बसवायला पाट फुकट."

सगळे हसले. मी टिंगलच केली होती. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कल्पना : कदम', आणि म्हणाले, "वा!"

माप घ्यायला ते मला नागोठण्याला एका ओळखीच्या माणसाच्या कचेरीत घेऊन गेले. तिथं एक संगणक होता. साहेबांनी खिशातून शिंप्याची टेप काढली आणि त्याची उंची, रुंदी, पाठ, पोट घेऊ लागले. तिथला कारकून म्हणाला, "शिवणार काय याला?"

"नाय, घडवनार," साहेब म्हणाले. खाडी बोलायला लागली होती.

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार काशिनाथनं प्लास्टरचा पहिला नमुना ओतला, रंगवला आणि ब्रश हातात धरून थांबला.

"साहेब, डोले कुठं काढू?"

"याला डोळे नसतात रे."

"मंग हा बघंल कसा? आमच्या हातशी बिनडोल्याचं काय भायेर जात नाय."

साहेबांनी त्याला पडद्याच्या खाली एक बारीक हिरवा दिवा काढू दिला. तेवढ्यावर काशिनाथचं समाधान झालं. बटणांवरची अक्षरं त्याच्या सुनेनं डोळे आखायच्या ब्रशनं काढली. इतकी रेखीव अक्षरं मी पुढं खऱ्या संगणकावरही पाहिली नाहीत. साहेब प्रत्येक शाळेत सांगत, "अक्षरं सूनबाईंची."

ते संगणक पेंढ्यात गुंडाळून यष्टीनं आले. माझ्या शाळेचा आणताना साहेब सोबत होते. पेणला चढलो तर एक म्हातारी उठून उभी राहिली.

"बाप्पा हाय का?"

"नाय गो आये, कॉम्प्युटर हाय."

"असंना. हमरापूरशी आनलास ना? त्याला बसव हितं." आणि तिनं हात जोडले. संगणक रोह्यापर्यंत खिडकीशी बसून आला, आम्ही दोघं उभे.

बटणं दाबली जात नव्हती, म्हणून साहेबांनी नियम केला होता, की बोट ठेवायचं आणि तोंडानं 'टक' म्हणायचं. पोरं रांगेनं येऊन आपलं नाव लिहीत. शाळेत दिवसभर टक-टक-टक चाले. हळूहळू मास्तरही करू लागले. डुलकीवाले गुरुजी तर मधल्या सुट्टीत एकटे बसून करीत.

मग माझ्या शाळेत चेंडू लागून संगणकाचा कोपरा उडाला.

शाळा समितीचे भिकूशेठ बघायला आले. "भंगला. आता ठेवायचा नाय, गुरुजी."

"अहो, हा काय देव आहे?"

"हमरापूरशी आलाय का नाय?"

"आलाय."

"पाटावर बसवलाव का नाय?"

"बसवला."

"मंग?"

मी पाट पुढं सरकवला. खरं म्हणजे मला गंमतही वाटत होती. दुसऱ्या दिवशी लेझीम निघाली, पोरं निघाली, बायांनी ओवाळलं आणि आमचा संगणक कुंडलिकेत गेला. 'पुढच्या वर्षी लवकर या' असं मीही ओरडलो.

पुढच्याच आठवड्यात तयारी बघायला जिल्ह्याचे साहेब आले. पहिली शाळा माझी. सोबत म्हात्रेसाहेब, इस्त्रीचा शर्ट घालून. विसर्जनाचं त्यांना सांगायचं मी आज-उद्यावर ढकलत राहिलो होतो.

"नमुन्याचा संगणक केला म्हणे तुम्ही. कुठाय?"

मी तोंड उघडायच्या आत भिकूशेठ म्हणाले, "विसर्जन केला ना, साहेब. वाजतगाजत केला, काय कमी नाय पडू दिली."

मोठे साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की दुसरं कुणीच हसत नाही. त्यांचा चेहरा उतरला, मग तापला. "हा तमाशा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, की या प्रश्नावर म्हात्रेसाहेब नाव सांगतातच. मी माझ्या नावाची वाट पाहत उभा होतो. डोंगरातल्या शाळेवर बदली होणार हे दिसत होतं, आणि घरी बायकोचे दिवस भरत आले होते. साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी लेझीमच्या पेटीकडं पाहत राहिलो.

"माझ्या," साहेब म्हणाले.

साहेबांसोबत आलेला पांडू चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकला. त्यानंही तो शब्द साहेबांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

पहिले संगणक दुसऱ्या तालुक्याला गेले. साहेबांकडचं संगणकाचं काम काढून घेतलं आणि शाळांना वाटायच्या तांदळाच्या पोत्यांवर त्यांना नेमलं. ते तिथंही सांगत, "थप्पी अशी लावायची कल्पना हमालांची." मला एका शब्दानं कधी काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

दशक संपता संपता आमच्या शाळेत खरा संगणक आला. नवे अधिकारी कौतुकानं हजर होते. चौथीतली एक पोरगी पुढं झाली. आमचा संगणक नदीत गेल्यावर थोरल्या बहिणीनं कागदावर बटणं काढली होती, त्यांवर ती लहान असल्यापासून खेळत आलेली. तिचं बोट न चुकता अक्षरांवर जाई, आणि दर बटणाला ती तोंडानं 'टक' म्हणे. अधिकारी थक्क झाले. "ही तयारी कुणाची कल्पना?"

मागं तांदळाच्या कामाला आलेले म्हात्रेसाहेब उभे होते. निवृत्तीला आलेले. "कदमांची," ते आनंदानं म्हणाले. "पयल्यापासून कदमांचीच."

मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मी दोन्ही घेतलं.

साहेबांच्या निवृत्तीनंतर एका दुपारी मी नदीवरचा पूल ओलांडून अष्टमी गावात त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर हमरापूरचा संगणक, काशिनाथनं केलेला तो पहिला नमुना. रंग पिवळा पडला होता, एक कड उडाली होती. साहेब समोर बसून बटणांवर बोटं ठेवत होते आणि हलकेच टक-टक म्हणत होते.

"भंगलेला आहे साहेब. ठेवत नाहीत."

"मी ठेवतो. बसा, कदम. एवढी ओळ पुरी करतो."

"काय लिहिताय?"

"बापूला. रोज थोडं लिहितो."

"पोचतं कसं मग?"

"पोचवायचं नाहीच. पत्र गेलं की पोराला उत्तर द्यावं लागतं. उत्तर राहून गेलं की त्याला वाईट वाटतं. त्याला कशाला त्रास? असं लिहिलं की बोलल्यासारखं होतं." त्यांनी आणखी दोनदा 'टक' म्हटलं. "झालं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ही कल्पना कुणाची, साहेब?"

ते विचारात पडले. कुणाचं तरी नाव असणारच अशा खात्रीनं त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "ही माझीच म्हणायची."

मी चहा प्यालो आणि परत आलो.

साहेब अजून अष्टमीतच आहेत. मी अधूनमधून जातो. माझ्या शाळेत, मोठ्या साहेबांपुढं, 'माझ्या' हा शब्द बोलायची पाळी माझी होती. त्या शब्दाचं मी अजून त्यांना देणं लागतो.