राक्षसाचं एक मत

दुपारी सव्वातीनला नारायण पेठेतल्या शाळेत राक्षस मत द्यायला आला, तेव्हा मतदान केंद्राध्यक्ष अस्मिताबाई नुकत्या कुठे डबा उघडत होत्या. समोर दोन शिंगं, लोंबते सुळे, नखशिखांत निळा रंगवलेला देह आणि हातात मतदार ओळखपत्र.

"यज्ञेश्वर केतकर," राक्षस अदबीने म्हणाला. "बालनाट्य आहे हो. एक प्रयोग आत्ता संपला, दुसरा पाचला. रंग चढवायलाच अडीच तास लागतात. उतरवला तर प्रयोग जातो, नाही आलो तर मत."

रांगेतून निवृत्त हेडक्लार्क दिवेकर तरातरा पुढे आले. "ही मतदारांवर दहशत आहे! माझी हरकत नोंदवा."

अस्मिताबाई एरवी भूगोल शिकवायच्या. पण निवडणुकीत हरकत म्हणजे खुलासा आणि खुलासा म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत हेलपाटे, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डबा मिटला आणि नियमपुस्तिका चाळली. शस्त्रांबद्दल होतं, बिल्ल्यांबद्दल होतं. शिंगांबद्दल अवाक्षर नव्हतं.

"दहशत म्हणायची तर कोणीतरी घाबरायला हवं," असं म्हणून त्या रांगेकडे वळल्या. "कोणाला भीती वाटतेय का?"

ऐंशीच्या दुर्गाबाईंनी राक्षसाला खालून वर न्याहाळलं. "डावं शिंग सैल झालंय तुमचं," त्या म्हणाल्या.

"मग दिवेकर, तुम्हीच लिहून द्या," अस्मिताबाई म्हणाल्या. "'मी घाबरलो.' खाली सही करा."

"मी? घाबरलो?" दिवेकर लालबुंद झाले. "चाळीस वर्षं नोकरी केलीय सरकारी! मी इतरांच्या वतीने घाबरतोय."

"वतीने घाबरायची सोय नाही."

मग एका पक्षाचा प्रतिनिधी उठला. "मॅडम, फोटो जुळत नाही."

दुसऱ्याने ओळखपत्र हातात घेतलं. "उलट आत्ताच जुळतोय."

तोही प्रश्न मिटला. पण शाई लावणारा कर्मचारी थबकला. "मॅडम, बोट आधीच निळं आहे."

"दहाही निळी आहेत!" दिवेकरांना पुन्हा जोर चढला. "म्हणजे दहादा मतदान!"

शेवटी नळाखाली एक बोट घासण्यात आलं. आधी साबण, मग शिपायाने आणलेलं खोबरेल. पाऊण तासाने माणसाचं एक बोट निघालं, त्याला शाई लागली आणि राक्षसाने एकदाचं बटण दाबलं.

तोवर पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर बातमी फिरली होती. वामकुक्षी सोडून माणसं शाळेकडे धावली. राक्षस स्कूटरवर बसून निघून गेला होता, पण आलोच आहोत तर मत देऊन जाऊ, म्हणून सगळे रांगेला लागले. रांग फाटकाबाहेर गेली. दिवेकर आपल्या जुन्या जागी शिरायला गेले.

"शेवटी जा," मत देऊन परतणाऱ्या दुर्गाबाई म्हणाल्या. "रांग तुम्ही सोडलीत."

पाच वाजता वरिष्ठांचा फोन आला. "अस्मिताबाई, दोन तासांत बावीस टक्क्यांचे एकावन्न? पेठेत? दुपारी?" आवाज खाली आला. "खरं सांगा, लोकांवर कोणी दबाव आणलाय का?"

"नाही सर."

"मग मतदान वाढलं कशाने, ते लेखी पाठवा."

अस्मिताबाईंनी कागद ओढला. राक्षस लिहिला तर चौकशी लागणार, हे उघड होतं. बराच विचार करून त्यांनी 'कारण' या शब्दापुढे लिहिलं : 'लोक आले.'

तासाभरात कागद परत आला. खाली लाल शाईत शेरा होता : 'कारण पटत नाही.'