पिकअपसाठी चार इंच

कोळवडी गावाची एकूण उंची ठरलेली असल्यामुळे कुणाला गाडी उंच करून घ्यायची झाली, तर तेवढे इंच घरातल्याच कुणाच्या तरी अंगातून द्यावे लागत. नियम जुना होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

निवृत्ती टेमगिरे पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट वाहायचा. गाडी पुढून खाली, मागून वर अशी उभी राहायची. रिकामी पिकअप अशीच दिसते, पण पारावरच्या मंडळींना तेवढं निमित्त पुरे होतं. "निवृत्ती, गाडी का रं मान खाली घालून उभी? ती पण बायकोला भिती काय?"

त्याची बायको यमुना पंचायतीच्या नोंदीप्रमाणे त्याच्याहून चांगली चार इंच उंच होती. शेवग्याच्या शेंगा ती आकडी न लावता हाताने काढायची. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी गावाची थट्टा काही संपली नव्हती. निवृत्ती हसून साजरं करायचा आणि घरी येऊन उगाच कशावर तरी चिडायचा.

रज्जाक मिस्त्रीने गाडीला पाणसळ लावून पाहिली. "मागचे स्प्रिंगचे पाटे दोन इंच उतरवतो. गाडी सरळ होईल, कुणाची उंची लागायची नाय."

"उतरवायचं नाही," निवृत्ती म्हणाला. "पुढून दोन इंच उचलायचं."

पंचायतीत ग्रामसेवक बाईंनी अर्ज वाचला. "उंची कुणाची देताय?"

"माझीच घ्या."

"चालकाची घेता येत नाही. पाय क्लचला पुरला पाहिजे."

यमुना मागे बाकावर बसली होती. "माझी घ्या की," ती म्हणाली. "मला काय कमी हाय?"

निवृत्तीने तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण मनात कुठेतरी खोल त्याला बरं वाटलं आणि तो गप्प बसला. यमुनाने सही केली. संध्याकाळी तिला निऱ्या दोन इंच जास्त खोचाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीत साठ क्रेट चढले, आणि मागची बाजू दबून गाडीने नाक आभाळाकडे केलं. निवृत्ती तसाच मिस्त्रीकडे गेला.

"पिकअपची लेव्हल भरल्या गाडीवर बघायची असती," मिस्त्री म्हणाला. "रिकामीला मागून वर ठेवत्यात ते त्याच्यासाठीच. मला वाटलं, तुमाला ठावं असंल. आता मागं पण एकेक पाटा घालावा लागंल. दोन इंच."

या वेळी कुणी विचारायच्या आत यमुनाने सही करून टाकली.

आता गाडी भरल्यावर सरळ राहू लागली. पारावरच्यांनी उठून तिला फेरी मारली आणि रुबाबदार म्हटलं. बाजाराच्या दिवशी यमुना नेहमीसारखी शेजारी बसायला आली, तर तिचा पाय पायरीपर्यंत पोचेना. गाडी पुढून दोन, मागून दोन इंच वर गेली होती आणि यमुना चार इंच खाली आली होती. निवृत्तीने घरातून जेवायला बसायचा पाट आणून ठेवला. त्यावर चढून ती आत बसली.

बाजारात दोघं शेजारी उभे असताना त्याच्या ध्यानात आलं, की नोंदीच्या हिशोबाने ती आता त्याच्या बरोबरीची असायला हवी होती. पण ती चांगली दोन बोटं बुटकी दिसत होती.

"तू वाकून का उभी?"

"सवय हाय."

"कधीपासनं?"

"हळद उतरायच्या आधीपासनं. तुमी बरोबरीचं दिसावं म्हणून. पर माझं वाकणं पुरलं न्हाई, तरी लोक बोलायचे ते बोललेच."

गाडी अंगठाभर कलली तरी निवृत्तीला लांबून कळायचं. बायकोचं वाकणं मात्र त्याला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. भाव न विचारता त्याने माल उतरवला आणि थेट पंचायतीत गेला.

"गाडी उतरवता येईल," ग्रामसेवक बाई म्हणाल्या. "पण उतरलेली उंची माणसाला परत जात नाही. गावठाणात जमा होते. सध्या एसटी थांब्याची शेड बुटकी पडतेय, तिला लावू."

"शेडला?"

"चारही इंच. अर्ज देऊ का?"

त्याने अर्ज घेतला, घरी आणला आणि यमुनाला सगळं सांगितलं. "तेव्हा मी नको म्हणायला पायजे होतं," तो म्हणाला.

"व्हय," यमुना म्हणाली. "मी वाट बघितली जरा."

अर्ज तिने घडी करून फळीवर ठेवायला घेतला. हात पुरेना, तेव्हा निवृत्तीने ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "शेडला घालण्यापरीस गाडी तरी ताठ चालू द्या."

पुढच्या बाजाराला त्याने आधी पाट ठेवला, मग दार उघडलं. यमुना पाटावर चढली आणि आत शिरताना सवयीने मान वाकवली. वर गाडीचा टप वीतभर लांब होता.