जिची निंदा, तिला बोलवा

त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायको दारात वाल सोलत बसलो होतो. रोजच्यासारखं. तेवढ्यात शेजारची रजनी आली, चटईवर टेकली नि आवाज बारीक करून म्हणाली, "काकी, मंदाच्या सुनेचं कळलं का?"

माझ्या बायकोनं, सुमननं, चाळीच्या त्या टोकाला हाक मारली, "मंदे, ए मंदे! ये गं इकडे. तुझ्या सुनेचं काहीतरी आहे म्हणे. तूपण ऐक!"

रजनीला एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

डोंबिवलीत लग्न होऊन आली तेव्हापासून हिचं हेच. कुणाचं नाव निघालं की त्यालाच बोलवायची. माझ्या सख्ख्या बहिणीनं धाकट्या भावजयीबद्दल तोंड उघडलं, तर हिनं भावजयीला फोन लावून स्पीकरवर टाकला. "चोरीचा माल आहे का? झाकून कशाला आणता?" म्हणायची.

मी वागळे इस्टेटला कारखान्यात होतो. संध्याकाळी यायचो तेव्हा जिन्यात बायकांचा घोळका, ही दारात एकटी. मी म्हणायचो, "अगं, अशानं मेलीस तर रडायला कुत्रं येणार नाही."

"तुम्ही आहात ना, भोंगा वाजवायला."

वाल सोलले त्या रात्री झोपली ती उठलीच नाही.

खोटं कशाला सांगू, रडण्याआधी मला धास्तीच वाटली. हिच्यासाठी येणार कोण?

सगळ्या आल्या. पाय ठेवायला जागा नाही. मी चौथी शिकलेला माणूस, सरळ विचारलं, "ही तुम्हाला कधी धड बोलू द्यायची नाही. मग रडताय कशाला?"

मंदा म्हणाली, "काका, माझी पोर माहेरी परत आली त्या वर्षी मी कुठंही गेले की बोलणं थांबायचं. काकींच्या दारात तेवढं थांबायचं नाही. तिथं माझ्यामागं काही बोललेलंच नसायचं. दुपारी येऊन झोपायचे मी इथं. तुम्ही कामाला असायचात."

"मीपण," रजनी म्हणाली.

छातीवरचा दगड उतरला. मग कुठं मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदानं आणलेल्या पिठल्याचं पातेलं घासून तिच्याकडे नेलं. सुतकात दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून बाहेरच उभा राहिलो. तिनं हाताला धरून आत बसवलं, कप पुढं केला. एक घोट घेतला नि तोंडावर सांगितलं, "मंदे, साखर कमी आहे."